पैनगंगेचा अलीकडचा काठ

हिंगोलीहून वाशीमकडे निघाले म्हणजे पैनगंगा येण्यापूर्वी कन्हेरगाव लागते. ह्या गावास सारे लोक कन्हेरगाव नाका म्हणतात. आज तेथे कोणी कोणाची गाडी अडवीत नाही, कोणाचे गाठोडे सोडून पाहात नाही; परंतु नाका हा शब्द गावाच्या नावास जो एकदा चिकटला तो सुटला नाही. ह्याच भागात निजामाचे राज्य संपत असे आणि वऱ्हाड सुरू होत असे. पावसाळा सोडला तर गुडघाभर पाण्यातून ओलांडता येईल अशी ही नदी; पण तिच्या दोन काठांवर दोन कायदे होते.

नव्या पिढीस ह्या गोष्टीची कल्पना येणे कठीण आहे, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. पलीकडे इंग्रजी रुपया चाले, त्यास आपल्याकडील लोक कलदार म्हणत. अलीकडे निजामाचा हाली सिक्का. सहा रुपये कलदार मोजले म्हणजे सात रुपये हाली येत; शेकड्यास हिशेब एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै असा पडे, आणि हा हिशेब सराफापेक्षा सीमेवरची शहाणी बाई अधिक झटकन करीत असेल. टपालाचे तिकीट वेगळे, सरकारी वर्ष फसली, दप्तराची भाषा उर्दू. माल इकडून तिकडे गेला की करोडगिरी, तिकडून इकडे आला तरी करोडगिरी. पूर्णेहून आलेली रेल्वे हिंगोलीस येऊन थांबे. तेथून पुढे वऱ्हाडात जाणारे रूळ पडले ते राज्य गेल्यानंतर. एकच बोली बोलणारी, एकमेकांत सोयरीक करणारी, नर्सीच्या नामदेवाला आणि औंढ्याच्या नागनाथाला सारख्याच भक्तीने येणारी माणसे दोन्ही काठांवर राहात होती, आणि तरी लेकीच्या सासरी पाठविलेल्या लुगड्यावर जकात बसण्याचा संभव होता.

परंतु ह्या सर्वांहून मोठा फरक एक होता, आणि आजच्या ह्या व्याख्यानमालेच्या निमित्ताने तोच सांगावा असे आम्हांस वाटते. अलीकडच्या काठावर सभा भरविता येत नसे.

पुण्यास न्यायमूर्ती रानडे ह्यांनी वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली. त्या शहरावरही इंग्रजांचेच राज्य होते, त्यांची पोलीस खात्याची माणसे सभेत टाचण घेत बसत, टिळकांसारख्यांना शब्दांसाठी शिक्षा झाल्या. पण सभा भरे. वक्ता आधी बोले आणि शिक्षा मागून होई. निजामाच्या राज्यात हा क्रमच उलटा होता. गश्ती निशान ५३ नावाचे एक फर्मान होते. गश्ती म्हणजे अंमलदारांकडे फिरविलेले परिपत्रक. त्यान्वये सार्वजनिक सभेस पूर्वपरवानगी लागे, आणि ती देणे न देणे सर्वस्वी अंमलदाराच्या मर्जीवर होते. खाजगी शाळा काढावयाची तर परवानगी, तालमीचा आखाडा काढावयाचा तर परवानगी. राजकारण हा शब्द तर उच्चारावयाचाच नाही. एखाद्या माणसास बोलल्याबद्दल तुरुंगात टाकणे हा जुलूम खरा. पण बोलण्यासाठी चार माणसे जमूच न देणे हा त्याहून खोल जाणारा जुलूम आहे. पहिल्यात हुतात्मे निर्माण होतात, दुसऱ्यात नुसती शांतता पसरते आणि राज्यकर्ते तिला प्रजेचे समाधान म्हणतात.

ही नदी सीमा कशी झाली ह्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे आणि त्यात हिंगोलीचा वाटा आहे. निजामाच्या पदरी 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज होती. नाव निजामाचे, पगार निजामाचा, अधिकारी मात्र इंग्रज. बोलारम, एलिचपूर, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद अशा तिच्या छावण्या होत्या, त्यांतलीच एक हिंगोलीस. ह्या फौजेचा पगार थकला, कर्जाचा डोंगर झाला, आणि १८५३ साली डलहौसीच्या अमदानीत निजामास तह करून वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. वऱ्हाडाच्या वसुलातून फौजेचा पगार भागवावयाचा असा तो करार. आरंभी काही वर्षे दक्षिण वऱ्हाडाचा कारभार चाले तो चक्क हिंगोलीहून. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांवर वऱ्हाडाचा कायमचा पट्टा लिहून घेतला, लगेच कंटिंजंट मोडली, हिंगोलीची छावणी उठली. ज्या फौजेसाठी मुलूख गेला ती फौज गेली, मुलूख मात्र परत आला नाही. हिंगोलीतल्या पलटणीच्या पगारापायी पैनगंगेचा पलीकडचा काठ निजामाच्या हातून सुटला. त्याच काठाने पुढे त्याच्या प्रजेस आसरा दिला. इतिहासात असा सूड कोणी योजून घेत नसतो, तो आपोआप होतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हैदराबाद हे इंग्रजांची वसाहत नव्हते, तेथे देशी राजा होता, सबब तेथील लढा इंग्रजांविरुद्ध नव्हता, असे पुष्कळदा म्हटले जाते. ह्यात अर्धेच सत्य आहे. १९२६ साली सातव्या निजामाने वऱ्हाडावरील आपला हक्क सांगताना बरोबरीची भाषा वापरली, तेव्हा लॉर्ड रीडिंगने त्यास स्पष्ट लिहून कळविले की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी समान पातळीवर बोलू शकत नाही. म्हणजे राजा वरच्या सत्तेपुढे मांडलिक आणि खालच्या प्रजेपुढे सर्वाधिकारी. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे दीड कोटीहून अधिक वस्तीचा हा मुलूख ज्या एका माणसाच्या सहीवर चाले, त्या सहीच्या पाठीशी इंग्रजांची संगीन होती. प्रजेने उठाव केलाच तर निजामाच्या संरक्षणाची हमी तहात होती. प्रजेच्या संरक्षणाची हमी कोठल्याही तहात नव्हती.

तेव्हा प्रजेने काय केले? सभा राज्यात भरविता येत नाही, तर ती राज्याबाहेर भरविली. हैदराबाद राजकीय परिषदेची पहिली बैठक १९२३ साली काकिनाड्यास झाली, दुसरी १९२६ साली मुंबईस, तिसरी १९२८ साली पुण्यास आणि चौथी १९३१ साली अकोल्यास. ही चार नावे नीट पाहावीत. ह्यांतले एकही गाव निजामाच्या राज्यात नाही. आपल्या घरातील गाऱ्हाणे मांडण्यासाठी माणसांनी शेजाऱ्याच्या ओसरीवर जमावे तसा हा प्रकार. वृत्तपत्रांचीही तीच कथा. आ. कृ. वाघमारे ह्यांनी 'मराठवाडा' हे पत्र काढले ते पुण्याहून. हैदराबादेत त्यावर बंदी आली की ते नवे नाव धारण करी, त्या नावावर बंदी आली की आणखी एक. पत्राचे नाव बदले, मजकूर बदलत नसे.

अकोला पैनगंगेपलीकडे, हिंगोलीस त्यातल्या त्यात जवळचे. त्याच्या आदल्या वर्षी, १९३० साली, लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसदच्या जंगलात गवत कापून कायदेभंग केला आणि जुलैच्या पावसात वऱ्हाडभर जंगल सत्याग्रह पेटला. पुसद हेही नदीपलीकडलेच. आम्ही पलीकडच्या काठाचे गोडवे गात नाही हे येथे सांगितले पाहिजे. पेंढीभर गवतासाठी माणसे तुरुंगात घालणारे सरकार तेथे होते. पण कायदा उघड मोडावा, हात जोडून शिक्षा घ्यावी आणि तरीही मान खाली घालू नये, हा धडा नदीपलीकडे गिरविला जात असताना त्याची कुजबूज अलीकडच्या बाजारात पोहोचली नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. गवताला आणि वार्तेला करोडगिरी लागत नव्हती, असे विनोदाने म्हणता येईल.

१९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते आणि हिंगोलीही परभणी जिल्ह्यातच होती. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. ही परिषद राज्यात भरू शकली, कारण तिने आपले स्वरूप सामाजिक आणि शैक्षणिक ठेवले होते. मराठीतून शिक्षण द्यावे, वाचनालये निघावीत, गश्ती निशान ५३ मागे घ्यावी, अशा तिच्या मागण्या. आजच्या कानांस ह्या मागण्या मवाळ वाटतील. पण ज्या राज्यात मराठी मुलास भूगोल उर्दूतून शिकावा लागे, तेथे मराठी शाळा मागणे हेच राजकारण होते, आणि ते सरकारला प्रजेच्याही आधी कळले होते.

ह्या परिषदेतच एका संन्याशाने प्रवेश केला. व्यंकटेश खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. जन्म १९०३ चा, मूळ कामगार चळवळीतले. १९३० साली त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. हिप्परग्याच्या व मग अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक म्हणून राबले. सर्वसंगपरित्याग करून राज्य उलथविण्याच्या उद्योगास लागलेला हा संन्यासी परंपरेच्या कोणत्या चौकटीत बसवावा ह्याचा पंडितांनी खुशाल विचार करावा; मराठवाड्याने त्यास स्वामीजी म्हटले आणि प्रश्न संपविला.

१९३८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले. सर अकबर हैदरी हे त्या वेळी पंतप्रधान. त्यांचा आक्षेप नावापासून सुरू होत होता: काँग्रेस हा शब्द नको. मागणी होती आसफजाही घराण्याच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती मिळावी एवढीच. राजास हटविण्याची भाषाही नव्हती. परंतु संस्था स्थापन होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, तिच्यावर बंदी आली. जन्मास न आलेल्या संस्थेवर बंदी घालण्याचा हा प्रकार आम्हांस तरी अन्यत्र फारसा आढळलेला नाही. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानलांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. पद्धत अगदी साधी होती. चार-पाच माणसांनी भर रस्त्यावर उभे राहावयाचे आणि म्हणावयाचे की आम्ही स्टेट काँग्रेसचे सभासद आहोत. एवढे म्हटले की गुन्हा पुरा झाला. लगोलग स्वामीजींची तुकडी गेली, आणि मग एकामागून एक तुकड्या गेल्या.

त्याच हिवाळ्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात आणि औरंगाबादच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला. प्रार्थनाही परवानगीची बाब ठरली आणि शेकडो मुले काढून टाकली गेली. नागपूर विद्यापीठाने त्यांस दार उघडले. त्या मुलांत पी. व्ही. नरसिंह राव होते, जे १९९१ साली भारताचे पंतप्रधान झाले. त्याच सुमारास आर्य समाजाचा सत्याग्रहही उभा राहिला. उदगीरचे भाई श्यामलाल डिसेंबर १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मरण पावले. सोलापुरास बापूजी अण्यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि १९३९ च्या जानेवारीअखेर देशाच्या कानाकोपऱ्यातून सत्याग्रही हैदराबादच्या हद्दीत घुसू लागले. त्यांची मागणी मुख्यतः धर्माचरणाची मोकळीक ही. हिंदु महासभेचा सत्याग्रह तिसरा.

तीन प्रवाह एकाच वेळी वाहू लागले की पाणी कोणाचे हे सांगता येत नाही. सरकारने ह्याचा फायदा घेतला आणि सारी चळवळ मुसलमानांविरुद्ध आहे असे दाखविण्यास आरंभ केला. तेव्हा गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने २४ डिसेंबर १९३८ रोजी, अवघ्या दोन महिन्यांत, आपला सत्याग्रह थांबविला. ऐन भरात आलेली चळवळ थांबविली म्हणून त्या वेळी अनेक कार्यकर्ते कष्टी झाले, आणि पुढेही ह्या निर्णयावर टीका झाली. आमचे मत वेगळे आहे. आपले भांडण एका बेजबाबदार राज्यपद्धतीशी आहे, शेजारच्या घरातील मुसलमानाशी नाही, ही रेघ स्पष्ट ओढण्यासाठी ते थांबणे जरूर होते. त्याची किंमत जबर पडली हे मात्र खरे. बंदी उठावयास जुलै १९४६ उजाडले. मधल्या काळात स्वामीजी १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहात व १९४२ साली पुन्हा तुरुंगात गेले, महाराष्ट्र परिषद कशीबशी तग धरून राहिली, आणि खेड्यांतून काम चालले ते वाचनालय, खादी व राष्ट्रीय शाळा ह्यांच्या आडोशाने.

आता १९४७ कडे येऊ. इंग्रज जाणार हे ठरताच जूनमध्ये निजामाने जाहीर केले की आपण कोणत्याच संघराज्यात सामील होणार नाही, स्वतंत्र राहू. ज्याच्या सिंहासनाचा टेकू इंग्रज होता, तो टेकू निघत असताना सिंहासन अधिक उंच होईल अशी त्याची समजूत होती. त्याच महिन्यात मुशीराबादला भरलेल्या स्टेट काँग्रेसच्या अधिवेशनात स्वामीजींनी लढ्याची दिशा सांगितली, आणि ७ ऑगस्ट १९४७ हा भारतीय संघराज्यात सामील व्हा असा आग्रह धरण्याचा दिवस म्हणून पाळला गेला. १५ ऑगस्ट उजाडला. पलीकडच्या काठावर वाशीम, पुसद, उमरखेड येथे तिरंगा लागला. अलीकडच्या काठावर तिरंगा लावणे गुन्हा होता. स्वामीजींना त्याच दिवशी अटक झाली. देश स्वतंत्र झाला आणि हिंगोली, कळमनुरी, वसमत ही गावे आणखी तेरा महिने थांबली.

ह्या तेरा महिन्यांत काय घडले ते दोन भागांत पाहावे लागते, आणि दोन्ही भाग खरे आहेत.

पहिला भाग नागरी प्रतिकाराचा. त्याची हत्यारे घरगुती होती. निजामाच्या तिजोरीत आबकारीचा, म्हणजे ताडी-दारूचा, वसूल फार मोठा. तेव्हा शिंदीची झाडे तोडावयाची. एका कुऱ्हाडीने कायदा मोडे, सरकारचा महसूल बुडे आणि गावातली दारूही कमी होई. तीन कामे एका घावात करणारी अशी युक्ती गांधीयुगातच सुचू शकते. सीमेवरचे करोडगिरीचे नाके मोडावयाचे. सक्तीने वसूल होणारे लेव्हीचे धान्य घालावयाचे नाही. वकिलांनी कोर्टे सोडावयाची, विद्यार्थ्यांनी शाळा, पाटील-पटवाऱ्यांनी दप्तरे. शेवटची गोष्ट बोलायला सोपी आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वतन, त्याबरोबरचा मान आणि त्यावर चालणारे घर सोडून पटवारी दप्तर परत करतो तेव्हा तो तुरुंगात गेलेल्या माणसापेक्षा कमी धैर्य दाखवितो असे आम्हांस वाटत नाही. त्याचे नाव मात्र कोठल्याही शिळेवर कोरले जात नाही.

दुसरा भाग रक्ताचा. कासीम रझवी हा लातुरास वकिली करणारा इसम १९४६ पासून इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला होता. त्याच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांतून लूट, जाळपोळ आणि खून ह्यांचे सत्र मांडले. नोव्हेंबर १९४७ अखेर दिल्लीशी जैसे थे करार झाला, पण जैसे थे राहिले नाही काहीच. हजारो कुटुंबे घरदार टाकून सीमेपलीकडे गेली. नदी आता खऱ्या अर्थाने नदी झाली: ओलांडली की जीव वाचला. त्याच पलीकडच्या काठावर स्टेट काँग्रेसने सशस्त्र प्रतिकाराची केंद्रे उभी केली. कृतिसमितीची धुरा दिगंबरराव बिंदूंवर होती. ह्या भागासाठी महत्त्वाचे केंद्र उमरखेडचे. जी नदी पूर्वी सभेसाठी ओलांडावी लागे, ती आता बंदुकीसाठी ओलांडली जाऊ लागली.

ह्या सशस्त्र भागाविषयी आजवर दोन प्रकारे लिहिले गेले. काहींनी त्याचे पोवाडे केले, काहींनी अहिंसेच्या लाजेने तो दडविला. दोन्ही टाळावे. नांदेड भागातील उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लुटली ती ३० जानेवारी १९४८ रोजी; दिल्लीत गांधीजींचा खून झाला तोही त्याच दिवशी. ज्यांनी गांधींच्या शब्दावर १९३८ साली सत्याग्रह थांबविला त्यांच्याच हातात दहा वर्षांनी बंदुका होत्या. हा त्यांचा अधःपात म्हणावयाचा काय? ज्या सत्तेला निदान शरम असते तिच्यापुढे सत्याग्रह चालतो. रात्री गाव पेटविणाऱ्या टोळीपुढे रस्त्यावर उभे राहून मी सभासद आहे असे सांगून भागत नाही, हे आम्हांस नाकारता येत नाही. वापटी गावचे बहिर्जी शिंदे ह्या लढ्यात कामास आले. वसमतचे महाविद्यालय त्यांच्या नावे उभे आहे. त्याच वसमतचे गंगाप्रसाद अग्रवाल मुक्तिसंग्रामात होते आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी सर्वोदयाच्या कामात घालविले. एकाच तालुक्याच्या मातीतली ही दोन माणसे एकमेकांविरुद्ध पुरावा म्हणून उभी करण्याचे कारण नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सर्व बाजूंनी हैदराबादच्या हद्दीत शिरल्या. मुख्य चढाई सोलापूरकडून झाली, पण वऱ्हाडाच्या बाजूनेही फौजा उतरल्या. १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली, स्वामीजी सुटले. एवढे मोठे राज्य पाच दिवसांत कोसळले. ह्यावरूनच कित्येक म्हणतात की मुक्ती फौजेने दिली, चळवळीने नव्हे. सरकारी भाषेत तर ती 'पोलीस कारवाई' होती. आम्ही विचारतो, ते राज्य पाच दिवसांत का कोसळले? ज्या राज्यात वसूल देणारा, दप्तर लिहिणारा, धान्य घालणारा आणि कज्जा चालविणारा मनुष्य वर्षभरापूर्वीच बाजूस सरला होता, तेथे फौजेला पाडावयास उरले काय होते? शिवाय कोणत्या हक्काने फौज आत गेली असती? प्रजेची इच्छा काय आहे हे जगापुढे मांडण्यास त्या राज्यात निवडणूक नव्हती, विधिमंडळ नावापुरते होते. तुरुंगात गेलेल्या माणसांची संख्या हीच तेथली मतमोजणी होती.

ही बाजू जितक्या आवाजात सांगितली जाते तितक्याच आवाजात पुढची गोष्ट सांगितली पाहिजे. फौजा पुढे गेल्या आणि मागे गावोगाव निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. त्यात रझाकार थोडे होते. मोठे रझाकार पळाले वा पकडले गेले होते. उरला होता तो विणकर, शेतमजूर, दुकानदार. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार ह्यांनी १९४८ च्या अखेरीस राज्यात फिरून पाहणी केली आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांच्या दरम्यान दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे त्यांनी सर्वांत होरपळलेले म्हणून सांगितले. नांदेड जिल्हा म्हणजे हिंगोलीच्या शिवेला शीव लागलेला. सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. तो लोकांना पाहावयास मिळाला तो २०१३ च्या सुमारास. सभाबंदीच्या राज्याविरुद्ध लढून आलेल्या स्वतंत्र सरकारने एक अहवाल पासष्ट वर्षे कपाटात ठेवावा, हे त्या लढ्याच्या नावाला शोभणारे नव्हते.

आणि हेही विसरता कामा नये की रझाकारांच्या विरुद्ध बोलणारा मुसलमान त्या राज्यात होता. 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्ला खान ह्यांनी हैदराबादने भारतात सामील व्हावे असे लिहिले. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबादेत त्यांचा खून झाला आणि हातही तोडले गेले. लिहिणाऱ्याचे हात तोडणे, ह्याचा अर्थ मारेकऱ्यांना चांगला ठाऊक होता.

कळमनुरी तालुक्यातील नांदापूर येथे १९३२ साली जन्मलेला एक मुलगा ह्या सर्व धामधुमीत पंधरा-सोळा वर्षांचा होता. घराणे मूळ वसमतजवळच्या कुरुंद्याचे. ज्या काठावर सभा भरविता येत नव्हती त्या काठावर वाढलेला हा मुलगा पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला आणि महाराष्ट्रात अशी व्याख्यानमाला क्वचितच असेल की जिने त्यास बोलाविले नाही. नरहर कुरुंदकर १९८२ साली औरंगाबादेत वारले तेही व्यासपीठावरच.

राज्य गेल्यावर १९५१-५२ च्या हिवाळ्यात ह्या भागात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मत. हिंगोलीच्या बाजारात सभा झाल्या, प्रत्येक पक्षाच्या झाल्या, आणि गश्ती निशान ५३ कोणी काढून दाखविली नाही. स्वामी रामानंद तीर्थ गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले. परभणीच्या जागेवर मात्र लोकांनी काँग्रेसचा उमेदवार पाडला आणि शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे ह्यांना निवडून दिले.